क्रूझवरच्या संध्याकाळचे कपडे: दिसायला उंची, अंगाला हलके, काय काय न्यावं?

गोदाकाठची_मीरा

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालंय. चार रात्री, वाटेत पेनांग आणि फुकेत. मी (४६), नवरा, सासूबाई (७१) आणि लेक (१९) असे चौघं जाणार आहोत. तिकिटं, विमा, व्हिसाचे कागद सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते संध्याकाळच्या कपड्यांपाशी.

कंपनीच्या पत्रकात लिहिलंय की मुख्य डायनिंग रूममध्ये रोज रात्री 'स्मार्ट कॅज्युअल' आणि एका रात्री 'फॉर्मल'. नाशिकच्या कॉलेज रोड, मेन रोड दोन्हीकडे फिरून आले. पार्टीवेअर म्हटलं की दुकानदार रिसेप्शनचेच गाऊन काढतात: नेटचा घेर, आत कॅनकॅन, काखेत टोचणारे खडे. उभं राहून फोटो काढायला ठीक आहेत, पण ते घालून बसायचं कसं? मला कमरेला घट्ट काही सहन होत नाही, शिवाय घाम फार येतो. सासूबाई पाचवारीशिवाय काही नेसत नाहीत आणि त्यांचे गुडघे दुखतात. नवरा म्हणतो लग्नातला सूट आहेच की.

कपाटात माझ्या आईने दिलेली येवल्याची पैठणी आहे, चांगली भरजरी. फॉर्मल रात्री तीच नेसावी असं फार मनात आहे, पण समुद्रावर न्यायला जीव धजावत नाही. जाऊन आलेल्यांनी आणि जाणकारांनी मनापासून सांगा.

निळाई

बाकी काही न्या न न्या, शाल किंवा स्टोल चौघांनाही हवीच. बाहेर दमट उकाडा आणि आत डायनिंग रूम, थिएटर दोन्हीकडे एसी असा की हात गार पडतात. बिनबाह्यांचं शिवणार असाल तर दोनदा विचार करा.

लाटांवरचा_नाशिककर

मीराताई, मी बरीच वर्षं जहाजांवर मुख्य डायनिंग रूममध्ये वेटर होतो. आता सिडकोत घरीच असतो. दारातून आत येणारे पाहुणे रोज बघितलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नियमांची धास्ती सोडा. संध्याकाळी त्या हॉलमध्ये पोहण्याचे कपडे आणि गंजीफ्रॉकसारखे टी-शर्ट चालत नाहीत, बहुतेक ठिकाणी शॉर्ट्सही नाहीत. साडी, सलवार-कमीज, कुर्ता, साधा ड्रेस, कॉलरचा शर्ट आणि फुल पँट हे सगळं रोजच्या रात्रीला उत्तम. तीन-चार रात्रींच्या सफरीत साधारण एक फॉर्मल रात्र असते, सात रात्रींच्या सफरीत बहुधा दोन. त्या रात्री नटायचं नसेल तर वरच्या डेकवर बुफे चालू असतो, कोणी काही विचारत नाही. कंपनीप्रमाणे फरक मात्र मोठा पडतो. कुनार्डसारख्या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या गाला संध्याकाळी पुरुष अजून टक्सिडो नाहीतर गडद सूट घालतात, तर नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या जहाजांवर फॉर्मल रात्रीची सक्तीच नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या क्रूझचे व्हिडिओ बघून खरेदी करू नका, आपल्या जहाजाचं पत्रक बघा.

आता त्या हॉलमध्ये प्रत्यक्ष काय होतं ते. जेवण दीड-दोन तास चालतं. सूप, स्टार्टर, मुख्य पदार्थ, गोड असं एकेक येतं, मध्ये मध्ये थांबावं लागतं. टेबलं जवळजवळ असतात. आम्ही ट्रे खांद्यावर घेऊन दोन खुर्च्यांच्या मधून जातो तेव्हा जमिनीवर सांडलेला पदर, ओढणी, गाऊनचा घेर आमच्या पायाखाली येतो. एकदा का पदर खुर्चीच्या पायात अडकला आणि बाई उठल्या, की पिन कापड फाडूनच निघते. पदर मांडीवर घेता येईल एवढाच लांब ठेवा आणि खांद्यावर चुण्या करून पिना लावा.

दुसरं चालण्याचं. मोठं जहाज तीनशे मीटरहून लांब असतं. तुमची केबिन एका टोकाला आणि डायनिंग रूम दुसऱ्या टोकाला असली तर जेवायला जाणं-येणं हीच शतपावली. जेवणाच्या वेळेला लिफ्टसमोर रांग लागते, मग लोक जिने धरतात. थिएटरात उतरत्या पायऱ्या आणि अंधार. त्यात जहाज थोडंसं हलतं. तिथे पेन्सिल हील घातलेल्या मुली परत जाताना चपला हातात घेऊन गालिच्यावरून अनवाणी जाताना रोज दिसायच्या. दीड इंचाची रुंद टाच, मागे पट्टा, खाली रबरी तळवा, एवढं असलं तर रात्र सुखाची जाते. केबिनच्या बाथरूमला आणि बाल्कनीच्या दाराला उंबरा असतो, सासूबाईंना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

सिन्नरची_सई

वाचनखूण साठवली. आम्ही पुढच्या वर्षी जातोय.

समुद्रवेडी

मी जरा वेगळं मत मांडते. साडीचा हट्ट सोडा. डेकवर वारा असा असतो की पदर सांभाळता सांभाळता सूर्यास्त बघायचा राहून जातो. एक काळा पलाझो, चांगल्या फॉलचा, आणि त्यावर दर रात्री वेगळा टॉप. सुरकुती नाही, नेसण्याचा वेळ नाही, बॅगेत जागा नाही लागत. फॉर्मल रात्रीला त्याच पलाझोवर जरीचं जाकीट चढवा. मला तरी याहून सोयीचं काही सापडलं नाही.

आजीचा_पदर

समुद्रवेडी, पलाझोबद्दल शंभर टक्के मान्य. पण साडी सोडा हे नाही पटलं. सत्तरीच्या बाईला आयुष्यभर नेसलेल्या साडीत जो मोकळेपणा वाटतो तो नव्या कपड्यात कसा येईल? त्यांची संध्याकाळ अवघडून जाईल. आणि जेवण, नाटक, गाणं सगळं आतच असतं, तिथे कुठला वारा? मी माझ्या आईला घेऊन गेले होते, तिच्या साडीचं सगळं नीट जमलं. लिहिते रात्री.

येवल्याचा_माग

पैठणीचा विषय निघाला म्हणून. आमच्या घरी माग आहे.

ताई, हातमागाची खरी पैठणी असेल तर पदराची मागची बाजू बघा, मोर-पोपट, वेल पुढच्यासारखाच स्वच्छ दिसेल, लोंबते धागे दिसणार नाहीत. तशी असेल तर तिची काळजी वेगळी घ्यावी लागते. जरीला खारट दमट हवा, घाम आणि अत्तर तिन्ही सोसत नाहीत, ती काळवंडते. भरजरी साडी किलोभराच्या घरात जाते, ते वजन एका खांद्यावर दोन-तीन तास पेलायचं असतं. आणि जहाजाच्या लाँड्रीत तर ती चुकूनही देऊ नका.

न्यायचीच असेल तर अशी न्या: जुन्या मलमलीच्या कापडात गुंडाळायची, घडीच्या आत मऊ कागद, हातातल्या बॅगेत. नेसण्याआधी अत्तर मारून ते वाळू द्यायचं, साडीवर फवारायचं नाही. डायनिंग रूम आणि थिएटर एवढ्यासाठीच, उघड्या डेकवर नाही. परत आल्यावर लगेच घडी घालू नका, रात्रभर केबिनमध्ये पसरून ठेवा म्हणजे घामाची ओल जाईल.

मनापासून विचाराल तर आईची पैठणी घरीच राहू द्या. येवल्याला एक चक्कर मारा, नाशिकहून दोन तासांचा रस्ता. बारीक मुनिया (पोपटांच्या नक्षीच्या) काठाची, अंगभर थोडीच बुट्टी असलेली साडी वजनाला कितीतरी हलकी असते. नाहीतर पैठणीची ओढणी घ्या. ओढणी शालीचंही काम करते, वर निळाईताईंनी एसीचं लिहिलंय ते यातच भागतं.

एक विनंती सगळ्यांनाच. जाकीट शिवायला जुनी चांगली पैठणी कापू नका. जाकिटापुरतं कापड मिळतं, ते घ्या. ज्या पदरावर कोणी महिना-दीड महिना बसलंय त्याला कात्री लागलेली बघवत नाही.

गोदाकाठची_मीरा

किती सुंदर माहिती! आईची पैठणी घरीच राहील, ठरलं. ओढणीची कल्पना फार आवडली. पण ओढणी कशावर? साध्या कुर्त्यावर घेतली तर फॉर्मल वाटेल का? कापड कुठलं घेऊ? कोणी शिवणकाम करणारं आहे का इथे?

सुईदोरा

आहे! इंदिरानगरला माझं छोटं बुटीक आहे, परदेशी जाणाऱ्यांचे कपडे खूप शिवते.

टेबलाशी बसलेल्या बाईचं काय दिसतं? गळा, खांदे, बाह्या, कान. कमरेखालचं सगळं टेबलाखाली. म्हणून काम करायचं ते गळ्यावर आणि मनगटावर करायचं, खाली एकदम साधं, हलकं. तुम्हाला दाखवलेल्या गाऊनमध्ये नेमकं उलटं असतं, सगळं वजन घेरात.

कापडाचं सांगते. आपल्या नाशिकच्या कोरड्या थंडीत जे छान वाटतं ते तिथे चालेलच असं नाही. सिंगापूरला डिसेंबरातही दिवसा तिशीच्या आसपास तापमान आणि पावसाळी दमटपणा असतो. लिनन आणि चंदेरी दिसायला देखणी, पण बॅगेतून काढली की चुरगळलेली, आणि जहाजावर इस्त्री नेता येत नाही. आग लागण्याच्या भीतीने इस्त्री, स्टीमर दोन्ही तपासणीत काढून ठेवतात. काही जहाजांवर लाँड्रीची खोली असते, तिथे इस्त्री मिळते, नाहीतर पैसे देऊन इस्त्री करून घ्यावी लागते. म्हणून क्रेप, साठ ग्रॅमचं जॉर्जेट, किंवा मोडाल सॅटिन. दुकानात कापडाच्या ठाणाचं टोक मुठीत दाबून धरायचं, मनात तीसपर्यंत मोजायचं आणि सोडायचं. सुरकुती आपोआप मोकळी झाली तर घ्या, राहिली तर पुढचं ठाण बघा.

घाम येतो म्हणालात ना, मग अस्तर कॉटनचंच लावा, मऊ कॅम्ब्रिक. शिंपी बहुतेक वेळा सॅटिनचं किंवा क्रेपचं अस्तर लावतात, ते पाठीला चिकटतं. कमरेला पुढून सपाट पट्टी आणि मागच्या अर्ध्या भागात इलास्टिक, म्हणजे पुढून नीटनेटकं दिसतं आणि जेवल्यावर काचत नाही. ब्लाऊजला, कुर्त्याला काखेखाली साइड चेन आणि आत इंचभर मार्जिन. उंची घोट्याच्या दोन बोटं वर, म्हणजे जिन्यात पायात येत नाही.

आणि खिसा! हे कोणी सांगत नाही. जहाजावर केबिनचं दार उघडायला, काही विकत घ्यायला, बंदरावर उतरायला-चढायला एकच कार्ड असतं. ते सतत जवळ लागतं. शिवणीत एक खिसा ठेवून घ्या, पर्स सांभाळत बसायला नको. सासूबाईंच्या परकरालाही आतून चेनचा छोटा खिसा लावता येतो, आमच्या जुन्या बायका लावूनच घेतात.

तुमच्यासाठी मी असं शिवलं असतं: गडद वाइन किंवा बाटली हिरव्या क्रेपचा सरळ लांब कुर्ता, पाऊण बाह्या, गळ्याला बारीक जरदोसी किंवा नुसती पैठणी काठाची पट्टी, खाली त्याच रंगाची सरळ पँट. एकाच रंगामुळे अंगकाठी उंच दिसते. त्यावर येवल्याची ओढणी एका खांद्यावर. फॉर्मल म्हणजे फॉर्मलच दिसेल. बाकीच्या रात्री तीच पँट, वर वेगळा कुर्ता.

ट्रायलला याल तेव्हा आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका. खुर्चीवर बसा, पुढे वाका, हात वर करा, दुकानाच्या दोन पायऱ्या चढून उतरा.

समुद्रवेडी

खिशाबद्दल सुईदोराताईंना माझा साष्टांग नमस्कार. आणि येवल्याच्या भाऊंचं वाचून माझं जाकीट मी कापडाचंच शिवलंय हे आवर्जून सांगते, साडी कापलेली नाही.

देवळालीचा_निवृत्त

पुरुषांचं कोणी लिहिलं नाही, मी लिहितो. सैन्यात होतो, मेसमध्ये कपड्यांचे नियम आयुष्यभर पाळले.

साहेबांचा लग्नातला सूट बहुधा हिवाळ्यातल्या लग्नाचा, जाड कापडाचा, पूर्ण अस्तराचा असणार. आतल्या एसीत कदाचित निभेल, पण बंदरावर, डेकवर, लिफ्टच्या गर्दीत घामाघूम होतील. कंबरही तेवढीच राहिली आहे का ते आजच घालून बघा.

माझं स्पष्ट मत: बंदगळा. टाय नको, कफलिंक नको, आणि कुठल्याही फॉर्मल रात्रीला मान ताठ ठेवून जाता येतं. कुनार्डच्या कडक रात्रींनासुद्धा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख मान्य आहे, मग तुमच्या जहाजावर प्रश्नच नाही. कापड ट्रॉपिकल वूल किंवा पॉली-व्हिस्कोस, अस्तर अर्धंच. गडद निळा घ्या, काळ्यापेक्षा फोटोत चांगला दिसतो. गळ्याशी दोन बोटं आत जातील एवढी जागा हवी, नाहीतर जेवताना हूक उघडावा लागतो आणि सगळी शान जाते. बाकीच्या रात्री त्याच पँटवर साधा कॉलरचा शर्ट, हवं तर नेहरू जाकीट. बूट जुनेच न्या, रबरी तळव्याचे. नवे बूट प्रवासात पहिल्यांदा घालू नयेत.

आजीचा_पदर

आता सासूबाईंचं. शांतपणे वाचा मीराताई, कारण सगळ्यात जास्त जपायचं ते त्यांना.

साड्या मऊ क्रेप सिल्कच्या किंवा जॉर्जेटच्या, बारीक काठाच्या. कडक कांजीवरम, टिश्यू, ऑर्गंझा नको, त्या फुगतात आणि अरुंद केबिनमध्ये निऱ्या घालणं कठीण जातं. केबिन खरंच लहान असते. पलंग आणि टेबलाच्या मध्ये एक माणूस जेमतेम वळतो. म्हणून निघण्याआधी घरीच निऱ्या आणि पदर इस्त्री करून, पिना लावून, चौकोनी घडी घालून घ्या. आता नाशिकमध्ये हे काम करून देणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. मग सासूबाईंना खुर्चीवर बसवूनही निम्मं नेसवता येतं, निऱ्या खोचायला तेवढं उभं राहायचं. गुडघ्यांना फार आराम पडतो.

लोहचुंबकाचे हूक न्या. केबिनच्या भिंती आतून लोखंडी पत्र्याच्या असतात, हूक टक्कन चिकटतो. त्यावर रात्रीची साडी, शाल, जपमाळेची पिशवी सगळं डोळ्यांसमोर लटकवता येतं, कपाटात वाकून शोधायला नको. साडी थोडी चुरगळली असेल तर कोणीतरी गरम पाण्याने अंघोळ करताना ती बाथरूमजवळच्या हूकवर टांगा, वाफेने बरीच मोकळी होते. जरीची मात्र टांगू नका.

चपला मागे पट्ट्याच्या. कोल्हापुरी नको, डेक ओला असतो, कातडं फुगतं आणि घसरतं.

दागिने मोजके. सासूबाईंना रोजचं मंगळसूत्र, मोत्याच्या कुड्या, एक नाजूक मोत्याची माळ पुष्कळ झाली. केबिनमध्ये तिजोरी असते पण लहान असते. मोती समुद्राच्या पार्श्वभूमीवर इतके छान दिसतात की माझ्या आईला टेबलावरच्या परदेशी बायका थांबवून विचारायच्या. तिला इंग्रजी येत नाही, तरी ती हातवारे करून सगळं सांगायची. त्या संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी विसरणार नाही.

गोदाकाठची_मीरा

आजीचा_पदर, हे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी लगेच कपाटातून मोत्याच्या कुड्या काढून आणल्या.

लेकीचं विचारायचं राहिलं. तिला गाऊनच हवाय, आणि मी नाही म्हटलं तर रुसवा आहे.

निळाई

घेऊ द्या की गाऊन! फक्त नेट-कॅनकॅनचा नको. सॅटिनचा किंवा थोडा ताणला जाणारा, बायस कटचा (कापड तिरपं कापून शिवलेला), आत पातळ स्लिप. गुंडाळून बॅगेत मावतो. त्या वयात एक रात्र तरी झोकात मिरवावंसं वाटणारच. खाली चपटे सोनेरी सँडल दिले की बसायलाही त्रास नाही.

सुईदोरा

+१. आणि खांद्याच्या पट्ट्या बारीक असतील तर आतून दोऱ्याचं वेटोळं करून टिचबटण लावून घ्या, अंतर्वस्त्राची पट्टी त्यात अडकवता येते, सारखी ओढत बसावी लागत नाही.

सिन्नरची_सई

एक शंका. डेकवर फोटो काढायचे तर मग कधी? पैठणी ओढणी वाऱ्यात उडेल ना?

समुद्रवेडी

सूर्यास्ताच्या वेळी. सिंगापूरच्या बाजूला वर्षभर साधारण सातच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर उशिराची घ्या, म्हणजे तयार होऊन आधी डेक, मग जेवण. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, केस आणि कापड मागे जातात, चेहरा मोकळा राहतो. ओढणीची दोन्ही टोकं दोन्ही हातांवर घ्यायची. जरीची खरी ओढणी असेल तर मात्र आतल्या जिन्यावर फोटो काढा, तिथे दिवे छान असतात.

गोदाकाठची_मीरा

रविवारी येवल्याला जाऊन आले, सासूबाईंनाही नेलं. मागावर काम चाललेलं बघितलं. खिडकीतल्या उजेडात एक बाई पदरावरचा पोपट विणत होत्या, प्रत्येक रंगाची वेगळी काडी, एवढ्याशा चोचीसाठी चार-पाच काड्या इकडून तिकडे. सासूबाई बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. मोरपंखी ओढणी घेतली, काठाला बारीक मुनिया. हातात घेतली तर काहीच वजन नाही. कुर्त्याला बाटली हिरवा क्रेप मिळाला, मुठीची परीक्षा पास झाला. नवऱ्याने सूट घालून बघितला, बटण लागत नाही, बंदगळ्याचं माप दिलंय. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता फक्त बॅगा भरायच्या. कोणाला काही राहिलंय असं वाटतंय का?

लाटांवरचा_नाशिककर

एक राहिलं, आणि ते फार महत्त्वाचं. टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या नंतर केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. कधी दुपारी येतात, कधी जेवणाची वेळ उलटून जाते. पहिल्या रात्री कित्येक पाहुणे प्रवासाच्याच कपड्यांत अवघडून बसलेले असायचे. म्हणून पहिल्या संध्याकाळचा प्रत्येकाचा एक जोड, सासूबाईंची नेसायला तयार साडी, शाल, चपला, पिनांची डबी आणि सगळ्यांची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. कात्री आणि मोठ्या सुया तेवढ्या मोठ्या बॅगेत, नाहीतर विमानतळावर काढून घेतील.